धुरपदामायची बोलणी

फार वर्षांपूर्वी, बालाघाटाच्या डोंगरात उंबरदरीला यायला धड पायवाटसुद्धा नव्हती आणि चढ बघून बैलही मान टाकायचे, तेव्हाची ही गोष्ट. त्या गावात धुरपदा नावाची एक सुईण राहायची. आसपासच्या चार गावांची बाळंतपणं तिच्या हातावर झाली. आडवं आलेलं मूल ती नुसतं पोटावर तेल चोळून सरळ करायची. तिच्या हाताला यश होतं, असं म्हणतात. तिच्या तोंडाला मात्र कुणी लागत नसे, असंही म्हणतात.

कारण धुरपदा एकदा बोलायला लागली की थांबायची नाही. ओसरीवर बसलेली माणसं हळूच उठून परड्यात जायची. गावानं तिला तोंडाळ ठरवून टाकलं होतं. पण ती काही जन्माची तोंडाळ नव्हती. चांगली पस्तिशीपर्यंत ती खाली मान घालून, सांगितलं तेवढं करणारी बाई होती.

हे काम तिला सासूनं शिकवलं. बाळ कसं फिरवायचं, नाळ कशी कापायची, वार पडली नाही तर काय करायचं, सगळं सासूनंच दाखवलं. आणि एक गोष्ट बजावून सांगितली. बाळंतिणीचं पहिलं दूध घट्ट आणि हळदीसारखं पिवळं असतं, तो चीक. तो नऊ महिने साचून नासलेला असतो, लेकराला सोसत नाही. तीन दिवस तो पिळून उकिरड्यावर टाकायचा, आणि तोवर लेकराच्या तोंडात गुळाच्या पाण्यात भिजवलेला कापडाचा बोळा द्यायचा. धुरपदानं ते ऐकलं. पंधरा वर्षं ती घरोघरच्या लेकीसुनांचा चीक आपल्या हातानं पिळून राखेत टाकत आली. लेकरं काही जगायची, काही जायची. गेलं की म्हणायचं, सटवाईनं नेलं.

मग एका वर्षी सुगीनंतर मिठाच्या गोण्या लादलेले बैल घेऊन लमाणांचा तांडा गावावरून चालला होता. डोंगराच्या उतारावरच त्यांच्यातली एक बाई अडली. धुरपदाला बोलावणं आलं. तिनं बाईला मोकळं केलं आणि ती गुळाचा खडा शोधायला वळली, तोवर त्या लमाणणीनं लेकरू ओढून छातीशी लावलंही होतं. धुरपदा घाबरली. हे दूध वाईट असतं, थांब, असं तिनं हातानं, खुणांनी सांगितलं. तांड्यातली एक म्हातारी हसली. बैलाच्या पाठीवर बसून गूळ कुठं उकळायचा, असं काहीसं ती म्हणाली. लेकरू चुटूचुटू पीत राहिलं आणि तांडा दुसऱ्या दिवशी पुढं निघून गेला.

पुढच्या सुगीला तांडा परत त्याच वाटेनं आला. ते लेकरू आईच्या कडेवर बसून तिच्या हातातल्या बांगड्या ओढत होतं. मांड्यांना वळ्या पडलेल्या होत्या. धुरपदानं बाकीची लेकरंही बघितली. मग तिनं त्या वर्षी उंबरदरीत जन्मलेली लेकरं आठवली. अकरा जन्मली होती, त्यातली पाच गेली होती. ती तिथंच उतारावर बसली. आपल्या दोन्ही हातांकडं बघत बसली. त्या दिवशी ती कुणाशी एक शब्दही बोलली नाही, असं म्हणतात. आणि त्यानंतर मात्र तिचं तोंड कधी मिटलं नाही.

तिला वाटलं होतं, आपण सांगू आणि लोक ऐकतील. आपलं चुकलं होतं, हे कबूल करायला तिला लाजही वाटली नाही. पण चुकलं असं म्हणणाऱ्या सुइणीचं कोण ऐकतं? सासवा म्हणायच्या, आमच्या वेळी तूच पिळून टाकलंस, आता तुला शहाणपण सुचलं का. आत्या म्हणायची, पहिलं बोट चाटवायचा मान माझा, तो कसा सोडू. जोशीबुवा पंचांग उघडून लेकराला आईचं दूध कधी द्यायचं याचा मुहूर्त काढायचे, आणि तो मुहूर्त दर वेळी तिसऱ्या दिवसाच्या अलीकडं कधी यायचा नाही. बाप म्हणायचा, बायकांचं बायकांनी बघावं. आणि ज्या पोरीच्या छातीतून दूध ठिबकत असायचं, ती म्हणायची, मला काय विचारतेस, सासूबाईंना विचार.

त्यातही धुरपदा ही एरवी पाटलाच्या वाड्यात पायरीच्या खाली बसणारी बाई. कळा सुरू झाल्या की तिला थेट आतल्या खोलीत न्यायचे. तिथं तिच्यावाचून कुणाचं पान हलत नसे. नाळ कापून झाली, सुपात जोंधळे घालून दिले, की धुरपदा परत पायरीच्या खाली. तिचा हात चालायचा, पण तिचा शब्द चालत नसे. असं वीस वर्षं चाललं. वीस वर्षं तेच सांगून तिचा जीव किटला होता. घरी येऊन ती चुलीला बोलायची, भांड्यांना बोलायची, वाटेतल्या बाभळीला बोलायची. बाभळीनं ऐकून पानं मिटली, पण गावातल्या एका माणसानं मान डोलावली नाही, असं म्हणतात.

त्या वेळी गावचा पाटील होता सटवाजी. त्याची सून कौतिका. तिची दोन लेकरं गेली होती, एक पाचव्या दिवशी, एक अकराव्या. तिसऱ्या खेपेला दिवस गेले तेव्हाच तिची सासू अन्साबाई बोलून गेली होती, की याही वेळी पाळणा रिकामा राहिला तर लेकाला दुसरी बायको बघावी लागेल. कौतिका त्या नऊ महिन्यांत कुणाशी फार बोललीच नाही.

एका सकाळी सूर्य उगवता उगवता ती बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. आणि त्याच सकाळी, खोलीच्या भिंतीपलीकडच्या गोठ्यात, पाटलाची लाडकी देवणी गाय व्याली.

धुरपदानं पोर पुसली, आईकडं दिली आणि म्हणाली, आता लगेच पाज. कौतिकानं सासूकडं बघितलं. अन्साबाईनं पोर उचलून आपल्याकडं घेतली. गुळाचं पाणी तयार होतं, बोळाही तयार होता. धुरपदानं परत सांगितलं. तिनं कुठल्या घरातलं कुठलं लेकरू कसं गेलं ते नावानिशी सांगितलं. गूळ कुठल्या रांजणातल्या पाण्यात कालवलाय तेही विचारलं. अन्साबाई काही वाईट बाई नव्हती. नात जगावी म्हणून तिनं सटवाईला चोळीचा खण बोलला होता. पण तिला तिच्या सासूनं जे शिकवलं ते सोडून कसं द्यायचं, हे तिला कळत नव्हतं.

"मी नऊ जणले, धुरपदे," ती म्हणाली. "चार जगले. ते काय बोळ्याबिगर?"

"आन् पाच?" धुरपदा म्हणाली.

अन्साबाईनं बोळा गुळाच्या पाण्यात बुडवला. मग तिनं धुरपदाला बाहेर जायला सांगितलं.

धुरपदा बाहेर आली. पायरीखाली बसली नाही. गोठ्यात गडी गाईला कोमट पाणी पाजत होता. वासरू पाय लटपटवत उभं राहून आचळ शोधत होतं. गाईचं पहिलं दूध वासराला पोटभर पाजायचं, मग उरलेल्या चिकाचा खरवस करायचा, असं घरात चाललेलं होतं. आतून कुणीतरी वेलदोडे आणि गूळ काढून ठेवायला सांगत होतं. ते ऐकलं आणि वीस वर्षं साचलेलं सगळं धुरपदाच्या डोक्यात चढलं.

मळणीच्या वेळी बैलांनी कणसं खाऊ नयेत म्हणून त्यांच्या तोंडाला दोरीचं मुसकं बांधतात. तसलं एक लहान मुसकं खुंटीला होतं. ते तिनं काढलं आणि वासराच्या तोंडाला बांधलं. मग वासराशेजारी ठाण मांडून बसली. वासराचा काय गुन्हा, दुपार कलायच्या आत मुसकं काढायचंच, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. पण ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

गाय हंबरायला लागली. आधी साधी हंबरली, मग मान वर करून असा टाहो फोडला की तो सात गावांत ऐकू गेला, असं म्हणतात. शिवारातली गुरं चरायची थांबली. गड्याची धुरपदापुढं जायची छाती होईना, म्हणून तो पळत शेतात गेला आणि पाटलाला घेऊन आला. पाटलामागं निम्मं गाव आलं. जोशीबुवाही आले. पोरगी झाल्याचं ऐकून न आलेली माणसं वासराचं ऐकून आली, हे धुरपदानं बघितलं, आणि ती आणखीच तापली.

"वासरू मारायला बसलीस का धुरपदे?" पाटलानं विचारलं.

"मारत न्हाई, पाटील. तीन दिस थांबवते निस्ती. जोशीबुवांनी मुहूर्त काढला की पाजू. तवर ह्याला बी गुळाचं पाणी देऊ, बोळा आतमदी हायेच."

"खुळी झालीस व्हय? चीक पोटात गेल्याबिगर वासरू तग धरतंय का? कुण्या बी गुराख्याला इचार."

"गुराख्याला कशाला इचारू? त्याला ठावं हाय," धुरपदा म्हणाली. "तुमच्या घरात कुणाला ठावं न्हाई. गाईचा चीक तुमी खरवस करून खाताव, वासराला पाजताव. अन् सुनेचा चीक उकिरड्यावर. ती काय गाईपरीस हलकी हाय? सगळं गाव बोळ्यानं दूध पितंय का?"

गाय हंबरतच होती. पाटलानं जोशीबुवांकडं बघितलं. जोशीबुवांनी पंचांगाकडं बघितलं. वासरांचं त्यात काही लिहिलेलं नव्हतं.

आता गोठा आणि बाळंतिणीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती आणि त्या भिंतीत वीतभर झरोका होता. कौतिकानं सगळं ऐकलं होतं. पोर तिच्या बाजेशेजारी सुपात निजवलेली होती. सकाळी खणखणीत रडणारी पोर आता नुसती कण्हत होती. बोळा तिच्या ओठाशी तसाच पडला होता. अन्साबाई काय गोंधळ चाललाय ते बघायला दाराबाहेर गेली, तेवढ्यात कौतिका उठली. बाळंत होऊन दोन प्रहरही झाले नव्हते, पायात बळ नव्हतं. भिंत धरून ती दारापर्यंत गेली आणि तिनं आतून कडी लावली.

सासूनं दार वाजवलं. पाटलानं दार वाजवलं. नवऱ्यानं बाहेरून नावानं हाक मारली. कौतिकानं बोळा उचलून कोपऱ्यात टाकला आणि पोर छातीशी घेतली. पण पोर ग्लानीत होती, तिनं तोंडच उघडलं नाही. कौतिका रडायला लागली.

ते रडणं झरोक्यातून धुरपदानं ऐकलं. ती उठली आणि झरोक्याला तोंड लावून बोलायला लागली. काय काय बोलली, ते गावाला अजून पाठ आहे. रडू नको, रडून दूध उतरत नाही. लुगडं बाजूला कर, पोरीचं अंग तुझ्या उघड्या अंगाला लागू दे. अंगठा आणि बोट ठेवून दोन थेंब काढ आणि तिच्या ओठावर लाव. घाई करू नको, मुहूर्ताची वाट तर मुळीच बघू नको. तोंड मोठं उघडलं की जवळ ओढ, नुसतं टोक देऊ नको. मध्येच ती पाटलाला बोलायची, मध्येच जोश्याला, मध्येच स्वतःला, पंधरा वर्षं ह्याच हातांनी पिळून टाकलं म्हणून. मग परत कौतिकाला. अशी ती किती वेळ बोलत होती कुणास ठाऊक. उन्हं भिंतीवरून खाली उतरली तरी बोलत होती.

आणि मग आतून आवाज आला. अगदी बारीक. पोर गिळत होती.

त्याच क्षणी वासराच्या तोंडाचं मुसकं कुणी हात न लावता तुटून पडलं, असं म्हणतात. देवणी गाईनं दावं तोडलं. गावातल्या साऱ्या गोठ्यांतल्या गाईंना एकदम पान्हा फुटला, आणि पाटलाच्या वाड्याच्या मोरीतून दुधाची धार वाहत ओढ्यापर्यंत गेली. ओढ्याकाठी त्या वाटेवर अजून पांढरे तुरे येणारं गवत उगवतं. तसलं गवत डोंगरात दुसरीकडंही असतं, पण उंबरदरीत असं म्हणून बघावं, म्हातारी माणसं रागावतात.

अन्साबाई मात्र गोठ्यात आली नाही, तिनं मुसकं बघितलं नाही आणि दूधही बघितलं नाही. ती दाराला कान लावून बसली होती. बऱ्याच वेळानं ती उठली. बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतं, असं तिला शिकवलेलं होतं. तरी तिनं तांब्याभर पाणी आणलं, दाराशी ठेवलं, आणि सुनेला हाक मारून सांगितलं, की पाणी ठेवलंय, तहान लागली असंल, मी लांब बसते.

पोर जगली. पाचवी झाली, बारावा दिवस उजाडला, बारशाला तिचं नाव ठेवलं दुधाबाई. उंबरदरीत पुढं तिच्या वंशाचा मोठा विस्तार झाला.

तुम्हाला वाटेल, झालं, गाव शहाणं झालं. धुरपदालाही तसंच वाटलं होतं. पण पंधरवड्यात एक माणूस आपलं वासरू ओढत तिच्या दारात आला आणि म्हणाला, सून अवघडलेली आहे, वासराला मुसकं बांधून दे. दुसरा आला, त्याच्याकडं गाय नव्हती, शेळी चालेल का विचारायला. तिसऱ्या घरात तर चीक पिळून टाकला, बोळा दिला, आणि वर वासराला मुसकं बांधून देवाला नारळ फोडला. धुरपदानं कपाळाला हात लावला. ती घरोघर जाऊन सांगायची, अहो, मुसक्यात काही नाही, माझ्या हातात काही नाही, जे आहे ते आईच्या दुधात आहे. लोक हात जोडून ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, मायची कृपा.

त्यात नवीन तऱ्हा निघाल्या. चीक पाजला, पण वर मधही चाटवला. मध नको म्हटलं तर पाणी पाजलं, उन्हाळा आहे म्हणून. पाणी नको म्हटलं तर दहाव्या दिवशी बाळंतीण खुरपायला शेतात आणि लेकरू घरी बोंडल्यानं शेळीचं दूध पितंय, आणि महिन्याभरात आईचं दूध आटलं की परत म्हणायचं, नशीब. मग धुरपदा ते लेकरू उचलायची, उन्हातून चालत शेतावर जायची आणि बांधावर उभी राहून शेतमालकाला बोलत राहायची, आईनं खुरपं खाली ठेवून लेकरू पदराखाली घेईपर्यंत. सटवाजी पाटलाच्या शेतावर तर ती दुरून येताना दिसली तरी पाटील स्वतः हाक मारून तान्ह्याच्या आईला सावलीत बसवायचा. बोलणी ऐकण्यापेक्षा ते परवडलं.

हळूहळू गावाची अशी समजूत झाली, की धुरपदामाय चिडल्याशिवाय दूध उतरतच नाही. ज्या बाळंतपणाला ती गप्प राहील, ते अशुभ. बायका तिला मुद्दाम खोड काढून चिडवायच्या. आता तर खरंच चिडायचं, की चिडायचं नाही, हेच तिला कळेना. अखेर ती म्हणाली, बरं, तसं तर तसं. पण माझं बोलणं सुरू झाल्याबरोबर लेकरू छातीशी लावायचं, आणि दुसरं काही त्याच्या तोंडात घालायचं नाही, सहा महिने पाणीसुद्धा नाही, नाहीतर बोलणी बाधतील. हे मात्र गावानं लगेच ऐकलं. चांगलं सांगितलेलं वीस वर्षं कुणाच्या कानात शिरलं नव्हतं, आणि भीती घातल्यावर एका दिवसात शिरलं, याचा तिला मरेपर्यंत राग होता.

ती फार म्हातारी होऊन गेली. शेवटी शेवटी बाजेवरून उठवत नव्हतं. एका दुपारी डोंगरापलीकडच्या वाडीतून सांगावा आला, की दुधाबाईची मुलगी बाळंत झाली आणि लेकरू काही केल्या छातीला लागेना. मधे दोन कोसांचा डोंगर. धुरपदामायनं बाजेवर उठून बसवायला सांगितलं, डोंगराकडं तोंड केलं आणि बोलायला सुरुवात केली. डोंगरापलीकडं तो आवाज झरोक्याशी बोलल्यासारखा स्वच्छ ऐकू आला, असं म्हणतात. रडू नको. लुगडं बाजूला कर. घाई करू नको. आणि वाडीतल्या त्या लेकरानं जेव्हा पहिला घोट गिळला, तेव्हा इकडं बोलता बोलता ती थांबली. तिचं तोंड मिटलेलं गावानं तेव्हाच पहिल्यांदा बघितलं.

आता उंबरदरीला डांबरी रस्ता आहे. बाळंतपणं तालुक्याच्या दवाखान्यात होतात. पण लेकरू जन्मलं की घरातली सगळ्यात म्हातारी बाई दाराशी उभी राहून बोलायला लागते. सासू असेल तर सासूला, आत्याला, लेकराच्या बापाला, तिथं नसलेल्या जोश्याला, आणि कुणीच हाताशी नसलं तर दवाखान्याच्या शिपायाला. ती जोवर बोलते तोवर लेकरू आईच्या छातीशी असलं पाहिजे. गुळाची, मधाची बाटली पिशवीत सापडली तर त्या माणसाची काही खैर नसते. पूर्वी नर्सबाई त्यांना गप्प करायच्या. आता त्या हसतात आणि थोड्या बाजूला होतात.

लेकरानं पहिला घोट गिळला की म्हातारी एकदम थांबते, आणि सगळे जण तसेच गप्प उभे राहतात. कुणी हलत नाही, कुणी अभिनंदन करत नाही, फोन वाजला तर बंद करतात. तेवढ्या वेळापुरती धुरपदामाय खाली टेकते, असं म्हणतात.